चेनच्या तेलाचा डबा

गॅरेजवाल्याला सगळे उंट म्हणायचे, आणि राग येण्याऐवजी त्याच्या मिशा वर व्हायच्या. नाव कमावलेलं होतं त्यानं. भर उन्हाळ्यात दिवस दिवस मोटरसायकलवर भटकायचं आणि पाण्याचा थेंब ओठाला लावायचा नाही, अशी त्याची ख्याती. गोष्टी तर काय सांगायचा! एकदा म्हणे ऊन एवढं होतं की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालत होत्या, डांबर पळीनं वाढून घ्यावं इतकं पातळ झालं होतं, आणि पुढे पळणारी त्याची स्वतःची सावली दमून मागच्या सीटवर येऊन बसली.

"मी तिला एवढंच म्हणालो, बाई, घट्ट धर."

"आणि पाणी?" कुणीतरी विचारायचंच.

"पाणी म्हशींना. गाडीवाल्यानं वारा प्यावा."

खरं सांगायचं तर उंटाला तहान चारचौघांसारखीच लागायची, चार घोट जास्तच. पण गडी वस्ताद. गाडीच्या डिकीत चेनच्या तेलाचा डबा असायचा. बाहेरून काळाकुट्ट, चिकट, बघूनच हात मागे घ्यावा असा. आतून मात्र घासून लख्ख, आणि आत लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी. दर थांब्यावर "चेन कोरडी वाटतेय रे" म्हणत तो गाडीमागे उकिडवा बसायचा, घटाघटा प्यायचा, थोडं बनियनवर ओतायचा आणि वरून जाकीट चढवायचा. चेनची इतकी सेवा बघून मित्र म्हणायचे, एवढी सासूची केली असती तर बायकोनं पूजा घातली असती.

गंमत होती सगळी. कुणाच्या बापाचं काय जात होतं? पण त्या गोष्टी एकजण खऱ्या मानत होता.

तो म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. घड्याळं दुरुस्त करायचा. अंगानं काडी, स्वभावानं लोणी, आणि आवाज असा की दुकानातल्या घड्याळांचं त्याच्यापेक्षा स्पष्ट ऐकू यायचं. बाकीचे उंटाच्या गोष्टींवर खिदळायचे. हा हातातला घास तसाच धरून ऐकत बसायचा. शेवटी त्यानंही एक जुनी मोटरसायकल घेतली.

"दादा, एकदा मलाही न्या ना. धरणापर्यंत."

"चला की जावईबापू!"

निघायच्या दिवशी बहिणीनं नवऱ्याच्या पिशवीत पाण्याची मोठी बाटली कोंबली आणि भावाला दम भरला, "दादा, जपून हं. ह्यांना ऊन सोसत नाही."

ती आत वळली तशी नवऱ्यानं बाटली हळूच काढून पायरीवर ठेवली. उंटानं ते पाहिलं. आणि काय केलं? डोळा मारला.

पहिल्या थांब्यावर चेनला तेल झालं. मेहुणा शेजारी उभा राहून कौतुकानं बघत होता. म्हणाला, "घाम केवढा येतो हो दादा तुम्हाला. मला तर येतच नाहीये. जमतंय वाटतं मला."

दुसऱ्या थांब्याला पेट्रोल पंप होता. कोपऱ्यात नळ, खाली बादली, बादलीत एक चिमणी मजेत आंघोळ करत होती.

"दादा, डोकं ठणकतंय जरा."

"हेल्मेट घट्ट असेल."

"पोटऱ्यांत गोळे येतायत. मळमळतंय पण."

"पहिल्यांदा होतं सगळ्यांना."

मेहुण्यानं नळाकडे पाहिलं, मग उंटाकडे पाहिलं. उंट नुकताच गाडीमागून उठला होता. तोंडात लिंबाची चव होती अजून. प्या हो, मीपण पितो, एवढंच म्हणायचं होतं. त्याला काय पैसे पडतात? पण एवढ्या वर्षांचा उंट, असा एका नळापाशी मरू द्यायचा? त्यानं मनाशी म्हटलं, धरण आलंच की आता, तिथे काहीतरी निमित्त काढू.

"निघायचं?" तो म्हणाला.

"निघू ना," मेहुणा म्हणाला आणि हसला. त्याचे ओठ चिरले होते.

पुढे रस्ता उघडाबोडका, सावली नावाला नाही. उंटाला आरशात मागची गाडी दिसत होती. आधी सरळ. मग डुलायला लागली. मग एका वळणानंतर आरसा रिकामाच.

तो गर्रकन फिरला. गाडी रस्त्याकडेला आडवी, चाक फिरतंय. मेहुणा कोरड्या चरात बसलेला, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली.

"अहो! लागलं का कुठे?"

"दुकान उघडायचंय," मेहुणा म्हणाला. "गिऱ्हाईक खोळंबलंय. किल्ली तुमच्याकडे आहे का?"

उंटानं त्याच्या गालाला हात लावला आणि तव्यावरून काढावा तसा मागे घेतला. घामाचा टिपूस नाही. हेल्मेट काढलं, जाकीट ओरबाडलं. "अरे बघ माझ्याकडे! ए, बघ ना रे!" जन्मात कधी त्यानं मेहुण्याला अरे-तुरे केलं नव्हतं.

तेवढ्यात रोपांनी भरलेली एक छोटी गाडी थांबली. नर्सरीवाली बाई हातात झारी घेऊनच उतरली. "सावलीत घ्या, माझ्या गाडीच्या सावलीत! पाय धरा!"

उंट डिकीकडे धावला, डबा घेऊन आला आणि मेहुण्याच्या ओठांकडे न्यायला लागला. बाई किंचाळली, "अहो, तेल पाजताय माणसाला?"

"पाणी आहे."

"तरी तोंडात नका ओतू, शुद्ध कुठाय त्याला? ठसका लागून जाईल. मानेवर ओता, काखेत ओता!"

त्यानं ओतलं. बाईनं झारीतून वाफ्याला घालावं तसं डोक्यापासून पायापर्यंत पाणी घातलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. वास आला तसा तिचा हात थांबला.

"लिंबू?" तिनं डब्याकडे पाहिलं, मग उंटाकडे. "एवढं जवळ असून हा असा का पडला?"

उंट मेहुण्याचे पाय उचलायला वाकला. तिनं परत विचारलंही नाही. दोघांनी मिळून त्याला रोपांमध्ये निजवलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. मग सलाईन लागली, संध्याकाळपर्यंत ओळख पटायला लागली. नातेवाईक जमले. जो येई तो उंटाची पाठ थोपटे. बहीण तर त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "दादा, तू होतास म्हणून रे."

चोराला सोन्याचं कडं घालावं तसं झालं त्याला. घरी जेवायला बसला तर घास फिरे. बायको म्हणाली, "उंटालाही ऊन लागलं वाटतं." एरवी त्यानं यावर दहा मिनिटं किस्सा रंगवला असता. तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी खोलीत दोघंच होते. मेहुणा उशीला टेकून बसला होता.

"दादा, लाज आणली मी तुम्हाला."

"काहीतरीच काय."

"नाही, माझंच चुकलं. एकदम कसं जमेल? आता ठरवलंय. दुकानात बसल्या बसल्या सराव करणार. आधी दुपारपर्यंत पाणी नाही, मग संध्याकाळपर्यंत. पुढच्या उन्हाळ्यात बघाच तुम्ही."

हा माणूस खरंच करेल. तासन् तास एका इवल्या चाकावर डोळा लावून बसणारा माणूस, ठरवलं की करतो.

"जावईबापू, मी पाणी पितो."

"हो, घरी पीत असालच."

"गाडीवर पितो. दर थांब्यावर. तो तेलाचा डबा, त्यात तेल नसतंच. आणि तुम्ही म्हणालात तो घाम, तो मी बनियनवर ओतलेला."

मेहुण्याला आधी हसू आलं. "तेलाच्या डब्यात!" तो म्हणाला, आणि सलाईनचा हात हलला म्हणून हसू आवरलं. मग हसू आपोआपच गेलं.

"पंपावर पण?"

"पंपावर पण."

"मी बाजूलाच उभा होतो हो, दादा."

यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर उंटाला सोपं गेलं असतं. बाहेर जिन्यावर बहिणीच्या चपला वाजल्या.

"हिला मी सांगणार नाही," मेहुणा म्हणाला आणि भिंतीकडे वळला. "तुम्हीच सांगा."

बहीण दारात आली, हातात डबा, तोंडभर हसू. "दादा, कालपासून घरी नीट जेवला नाहीस म्हणे? वहिनीचा फोन होता. तुझ्यासाठी पण आणलंय."

"धाकटे, ते खाली ठेव आधी," उंट म्हणाला. "आणि दार लावून घे."