भावजींनी बसवलेले बुश

आमच्या भावजींना काही येत नाही, हे मी त्यांच्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ओळखलं. काही न येणारे लोक जगात पुष्कळ असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या गृहस्थांना आपल्याला सगळं येतं असं वाटतं, आणि ते आमच्या ताईच्या घरात राहतात.

भावजींचं पडद्यांचं दुकान आहे. पडदे विकणाऱ्याने पडदे विकावेत. मी बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करते, म्हणून मी कधी कुणाच्या खिडकीचं माप घ्यायला गेलेय का? पण हे नळ दुरुस्त करतात, पंखा दुरुस्त करतात, आणि आता ताईच्या गाडीवर उतरले होते.

ती गाडी ताईने लग्नाआधी स्वतःच्या पगारातून घेतलेली. दोन दारांची, लांब नाकाची, वयाने म्हातारी पण घाटात भल्याभल्यांना मागे टाकणारी. ताई शाळेत भूमिती शिकवते. दिवसभर लोकांच्या पोरांना आणि नंतर या नवऱ्याला समजावून झालं की ती गाडी काढते आणि एकटीच घाटात चक्कर मारून येते. दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. अलीकडे मात्र ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायची आणि खड्ड्यात पुढून खाडखाड वाजायचं. पुढची चाकं ज्या लोखंडी आर्मवर असतात, त्या आर्मच्या मुळाशी रबराचे बुश बसवलेले असतात. ते झिजून पार गेले होते.

"मी स्वतः बदलतो," भावजींनी जाहीर केलं. "आणि माझ्या हातूनही आवाज गेला नाही, तर समजायचं, गाडीच संपली. सरळ विकून टाकू. गॅरेजमध्ये पडद्यांचे गठ्ठे तरी मावतील."

नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. हे तर अंगणच विकायला निघाले होते. ताईने मला फोन केला. "रविवारी ये. आणि तोंड आवरून ये."

रविवारी भावजी मेकॅनिक घालतात तसल्या नव्याकोऱ्या डांगरीत उभे होते. डांगरीला इस्त्री केलेली होती. इस्त्रीची डांगरी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. जुने बुश काढताना त्यांनी हातोडा इतका बडवला की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. नवा बुश बसेना.

"साबणाचं पाणी लावा," मी म्हटलं.

"रबराला साबण?" ते हसले. "त्याला आंघोळ घालायचीय की काय?"

थोड्या वेळाने ताई फेसाळ पाण्याची बादली घेऊन आली. "हात धुता का जरा?" भावजींनी हात धुतले, त्याच ओल्या हातांनी बुश धरला आणि तो सुळकन आत गेला. "जोर लागतो," ते मला म्हणाले. "बायकांना नाही जमायचं."

मी तोंड आवरलं. पण मग ते बोल्ट आवळायला लागले, आणि गाडी अजून स्टँडवर उचललेली होती, चाकं खाली लोंबकळत होती. आमच्याकडे आज कामाला लागलेल्या माणसालाही कळतं की गाडी आधी स्वतःच्या पायांवर उभी करायची आणि मग हे बोल्ट आवळायचे. ज्या अवस्थेत आवळाल, तीच रबराची विश्रांतीची जागा. लोंबकळत्या चाकांवर आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर रात्रंदिवस पिळलेलंच राहतं आणि लवकरच फाटतं. पुन्हा खाडखाड, आणि मग गाडी गिऱ्हाइकाच्या दारात.

"भावजी, ते आत्ता नका—"

ताईने माझ्या पायावर पाय दिला. "आवळा हो तुम्ही," ती म्हणाली. "चांगला जोर लावा."

मला तिचाही राग आला. गाढवापुढे गीता वाचू नये, कबूल; पण गाढवाला शाबासकी कशाला?

गाडी खाली आली तेव्हा तिचं नाक वर उचललेलं होतं. "बघा, कशी ताठ उभी आहे!" भावजी म्हणाले. मग ते जेवले आणि झोपले. दमले होते म्हणे.

घोरणं सुरू झालं तशी ताई उठली. कपाटामागून तिने लाकडी ठोकळे काढले. आम्ही जॅकने एकेक बाजू उचलून चाकांखाली ठोकळे सरकवले आणि गाडी त्यांच्यावर, म्हणजे स्वतःच्याच पायांवर, उभी केली. ताई खाली शिरली. बोल्ट सैल झाला तशी गाडी कण्हली आणि नाक खाली बसलं. तिने बाहेर येऊन बॉनेट दाबून गाडी हलवली, पुन्हा आत गेली आणि सगळे बोल्ट आवळले. बरोबर मापाचा पाना तिने आधीच घेतला होता; एकदाही बदलावा लागला नाही.

"हा माणूस आता जन्मभर फुशारक्या मारणार," मी म्हणाले.

"मारू देत. गाडी राहते ना?"

"असं किती वेळा केलंयस?"

"नळाच्या वेळी. पंख्याच्या वेळी. शेल्फ तर दोनदा."

"मी तुझ्या जागी असते तर तोंडावर सांगितलं असतं."

ताई पाना पुसत होती. "काही माणसांना तोंडावर सांगून चालत नाही गं. मागे तू हँडब्रेकची तार बसवून दिलीस, आठवतं?"

"हो. झकास बसलीय म्हणालीस तू."

"इतकी आवळली होतीस की तू गेल्यावर पहिल्याच चकरेत मागची चाकं तापून वास यायला लागला. परत येऊन मी ती सैल केली."

माझ्या कानशिलांतून गरम वाफ निघाली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू रुसली असतीस. आणि रुसलीस की महिना महिना येत नाहीस."

संध्याकाळी ताईने गाडी काढली. भावजी तिच्या शेजारी, मी मागच्या चिंचोळ्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन. खड्डे आले आणि गेले. गाडी गप्प. "असली गाडी कुणी विकतं का?" भावजी म्हणाले, जणू विकायचं दुसऱ्याच कुणाच्या डोक्यात आलं होतं. मग ते मागे वळले. "काय वर्कशॉपवाल्या बाई, कसं झालंय काम?"

ताईने आरशातून माझ्याकडे पाहिलं नाही. मी आणखी काय काय नीट बसवलं आहे असं आजवर समजत होते, ते मला एकेक करून आठवायला लागलं.

"झकास, भावजी," मी म्हणाले.