खालच्या वेशीचं झाड

माझं माहेर वरच्या वेशीचं, सासर खालच्या वेशीचं. दोन बुरुजांच्या मध्ये फक्त एक बाजारपेठ, तरी लग्नाला वर्ष होत आलं आणि सासूबाई, क्रेसेन्झ, मला अजून ‘वरची’ म्हणायच्या. एक मेला दोन्ही वेशी आपापलं झाड, म्हणजे रंगवलेलं उंच खोड, उभारतात आणि त्याआधी एकमेकांचं पळवायला बघतात, अशी आमच्याकडची रीत. त्या पळवापळवीचे दिवस आले, तेव्हा तर त्यांनी मला झाडाच्या राखणीलाही बसू दिलं नाही. म्हणे, बापाला खबर देईल. असा संताप आला होता मला!

एप्रिल संपता संपता, एका सकाळी राखणदार आणि त्यांच्याबरोबर सासूबाईही गरम सॉसेज खायला खानावळीत शिरल्या. मी बुरुजातल्या आमच्या घराच्या खिडकीत चादर झटकत होते. खाली बघते तर आमचं झाड चाललेलं. सोलून निळं-पांढरं रंगवलेलं ते भलंमोठं खोड खांद्यांवर घेऊन वरच्या वेशीची माणसं निघाली होती, आणि सगळ्यांत पुढे माझे बाबा, कोर्बिनियान. बाजारातून बोभाटा झाला असता, म्हणून आमच्याच वेशीतून पसार होत होते.

आमच्यापैकी कुणाचाही हात झाडाला लागला की चोरी फसली. पण बुंधा वेशीच्या कमानीबाहेर गेला की संपलं; मग पिंपंच्या पिंपं बिअर पाजून झाड सोडवून आणायचं. आणि घरभेदी कोण ठरणार, तर मी.

मी ओरडले, पण खानावळीत बँड वाजत होता. जिना उतरून पोचणं शक्य नव्हतं. मग मी धावले ती कमानीच्या बरोब्बर वरच्या खोलीत. शत्रूवर उकळतं तेल ओतायचं भोक तिथे जमिनीत अजून आहे. पालथी पडून मी खांद्यापर्यंत हात खाली घातला. झाड खालून सरकत होतं, अन् हात काही पोचेना.

मग बाबांचा स्वभाव आठवला.

“बाबा, दमलात वाटतं?” मी वरून म्हटलं. “आजोबा तर म्हणे डोक्यावर उचलून न्यायचे.”

“कोण दमलंय?”

“असू दे हो. वय झालं की व्हायचंच.”

“वय?” बाबा पोरांकडे वळले. “उचला रे! हात सरळ करा, हिला दिसू दे.”

झाड वर आलं, आणि मी त्यावर पंजा दाबून धरला. ताजा रंग बोटांना चिकटला.

बाबा मान वर करून बघतच राहिले. “आफ्रा, अगं, बापालाच?”

मला हसूही येत होतं आणि रडूही. तेवढ्यात झाड जागेवर नाही हे कळून सासूबाई सॉसेज खायचा काटा हातात घेऊनच खानावळीतून धावत आल्या. वर माझा हात बघितला, खाली बाबांना बघितलं.

“व्याहीबुवा, झाड खाली ठेवा,” त्या म्हणाल्या. “आमच्या आफ्राचा हात लागलाय.”