बाहेरून काहीही लागत नाही

जीवशास्त्राच्या सरांची निवृत्ती महिन्यावर आली होती आणि कंटाळा तिच्या बराच आधी येऊन बसला होता. कार्बनचक्र त्यांनी इतक्यांदा शिकवलं होतं, की ते आता तोंडातून आपोआप फिरे आणि सरांना मध्ये डुलकी काढता येई. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, पान गळतं, मातीतले जिवाणू ते कुजवतात, कार्बन पुन्हा हवेत. शेवटच्या बाकापर्यंत तो कार्बन कधी पोचला नाही, ही गोष्ट वेगळी.

अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. घरच्या खिडकीतली मोठी काचेची बरणी. तळाशी माती, वर शेवाळ आणि नेचे, वर घट्ट झाकण. नऊ वर्षांपूर्वी ती त्यांनी स्वतः बंद केली होती. सोमवारी शाळेच्या प्रदर्शनात ती मधल्या टेबलावर ठेवायची आणि निरोपाचं भाषण तिच्याच शेजारी उभं राहून करायचं, असं ठरलं होतं. कार्डही तयार होतं: ‘स्वयंपूर्ण परिसंस्था. बाहेरून काहीही लागत नाही.’ आयुष्यात निदान एवढं तरी जमलं, असं सरांना वाटे.

आणि नेमकी आताच बरणीने मान टाकली. नेच्यांची टोकं तपकिरी झाली, काचेवरचा दमटपणा गेला, गळलेली पानं तळाशी तशीच पडून राहिली. सरांनी बरणी उन्हात सरकवली, सावलीत आणली, पुन्हा उन्हात नेली. झाकणाला मात्र हात लावला नाही. नऊ वर्षं अशी कोण उघडून टाकेल?

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. घर सर एकटे चालवत होते, म्हणजे घर उभं होतं. कपड्यांखाली खुर्ची गडप झाली होती, भांडी नळापर्यंत पोचली होती. अलीकडे हवेतच धूळ वाढली आहे, असा सरांचा निष्कर्ष होता.

रविवारी दुपारी तिचा फोन आला. नातवाचं पोट दुखत होतं, लेकीला झोप नव्हती, हिला तर त्याहून नव्हती. सगळं ऐकून घेऊन सरांनी बरणीचं दुखणं सांगितलं.

“पाणी घातलंत का?” तिने जांभई देत विचारलं.

बंद परिसंस्थेला पाणी घालायचं नसतं, हे सरांनी वर्गातल्या आवाजात समजावलं.

“मग मी काय एवढी वर्षं गंमत करत होते?”

मग तिने सगळं सांगितलं. झाकणाचं रबर पहिल्याच वर्षी गेलं होतं, ओल टिकत नव्हती. म्हणून धूळ पुसताना ती झाकण उघडून पाणी घाली आणि कुजकी पानं भुवयांच्या चिमट्याने काढून टाकी.

सर खाली बसले; खुर्चीवर कपडे होते, तर कपड्यांवर. पाणी बाहेरचं. झाकण उघडल्यावर आत जाणारी हवा बाहेरची, म्हणजे कार्बनही बाहेरचा. आणि पानं कुजवणारे, ज्यांच्यावर त्यांनी मुलांना इतके गुण वाटले, ते जिवाणू म्हणजे भुवयांचा चिमटा.

“अगं, सांगितलं का नाहीस?”

“त्या बरणीजवळ उभे राहिलात की तुम्ही खूष दिसायचात. एरवी कुठे दिसता?”

सरांनी हळूच विचारलं, पाणी किती घालायचं. दोन चमचे, ती म्हणाली, आणि काच धुरकट झाली की थांबायचं. चमचे कुठे असतात, हेही विचारावं लागलं.

“या घरात आणखी काय काय आपोआप चालतं गं?”

पलीकडे बाळ रडायला लागलं होतं. “दमलेय हो मी,” ती म्हणाली. “फोनवर नाही मावायचं ते. आल्यावर सांगते.”

सोमवारी बरणी मधल्या टेबलावर होती. काच धुरकट, एक-दोन नेच्यांनी मान जरा वर केलेली. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, “सर, कार्ड कुठाय?”

“चुकीचं निघालं. नवा मजकूर मागवलाय.”

“कुणाकडून?”

“तज्ज्ञांकडून,” सर म्हणाले. “सध्या त्या बाहेरगावी आहेत.”