पानाच्या तळाचा पत्ता

कायदा मला तोंडपाठ होता आणि त्याचा मला माज होता. निबाल्दोकाकांचं वाटोळं त्या माजानेच केलं, हे आधीच सांगून टाकते.

काका म्हणजे माझे नात्याने कुणी नव्हेत, वाल्पाराइसो बंदरातले निवृत्त वायरलेस ऑपरेटर. बारा वर्षं ते एक साइट चालवत होते. बंदरातल्या खानावळींत गायलेल्या जुन्या गाण्यांच्या कॅसेटी लोक तिच्यावर चढवायचे. त्र्याहत्तर सालच्या लष्करी उठावानंतर देश सोडून पळालेल्यांची मुलं तर थेट स्वीडनहून. गाण्याखाली कुणी लिहायचं, मागे टाळ्या वाजवतोय तो माझा बाप. काकांना ना बायको, ना मूल. चार हजार गाणी हाच त्यांचा संसार.

मार्चमध्ये सान्तियागोच्या एका रेकॉर्ड कंपनीचं ईमेल आलं, की अमुक गाणं आमच्या मालकीचं आहे, काढा. काका म्हणाले, एकच तर आहे, काढतो. सुंठीवाचून खोकला गेला असता. मी अडवलं.

"एक काढलंत की उद्या शंभर पत्रं येतील. पत्र म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, काका. लोकांनी चढवलेल्या गाण्याला साइटवाला जबाबदार नसतो. ज्याने चढवलंय त्याला पाच दिवसांत हे पत्र पाठवा, आणि हुकूम येईपर्यंत गप्प बसा."

"भांडायची हौस तुझी आणि मान माझी, वकीलबाई," ते हसत म्हणाले. पण ऐकलं माझं.

हुकूम काही आला नाही. जूनमध्ये कंपनीने आम्हाला कोर्टात खेचलं तेव्हा मी छाती काढून उभी राहिले. हुकूमच नाही, तर कायद्याच्या लेखी आम्हाला माहीत होतं असं कसं म्हणता, असं विचारलं. समोरच्या पोरसवदा वकिलाने आवाज न चढवता एक कागद पुढे केला. तीन एप्रिलला कोर्टाच्या माणसाने हुकूम बजावला होता, साइटच्या तळाशी छापलेल्या पत्त्यावर, दाराखालून सरकवून. तो पाळला नाही, म्हणून कायद्याचं संरक्षण संपलं. आता अख्खी साइट बंद करा, अशी त्यांची मागणी. न्यायाधीशबाईंनी सोमवारी निकाल देते म्हणून सांगितलं, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात निकाल कळला.

पत्ता काकांच्या आईचा होता. कोर्टाचे कागद घ्यायला पानावर एक पत्ता हवा, असं काही वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं. काका दिवसभर धक्क्यावर भटकणारे, खोलीला कुलूप. म्हणून त्यांनी आईचा टाकला. म्हणाले होते, म्हातारी कुठे जातेय, दार वाजलं की उठणारच. गेल्या सप्टेंबरात त्यांची आई, एर्मिनियाआजी, वारल्या. मी स्वतः फुलं घेऊन गेले होते. तरी तळाच्या त्या ओळीकडे माझं लक्ष गेलं नाही. त्या दिवसापासून काका आजींच्या घराची टेकडी चढले नव्हते.

कोर्टातून आम्ही तिथेच गेलो. टेकडीवर नेणारी रुळांवरची लिफ्ट बंद होती, पायऱ्या चढलो. दार ओलीने फुगलेलं, दोघांनी मिळून ढकललं. पाकीट विजेच्या बिलांखाली पडलेलं होतं. आत त्या एकाच गाण्याचं नाव. काका आजींच्या खुर्चीत बसले आणि फोनवरून ते गाणं त्यांनी काढून टाकलं.

"आई असती तर सही करून घेतलं असतं तिने," ते म्हणाले.

त्यांनी मला शिव्या घालाव्यात असं मला फार वाटत होतं. काही नाही. कायदा आता काय म्हणतो, एवढंच विचारलं. मी जमिनीवरची बिलं गोळा करू लागले.

मग ते म्हणाले, "पत्ता बदलायला हवा ना? कुणाचा टाकू? दुसरं कोण आहे मला?"

"माझा टाका," मी म्हणाले.

सोमवारी साइट बंद होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी माझा पत्ता टाकला, घर क्रमांक दोनदा विचारून.