गजूची पत्रं माझ्या पोटात आहेत

मी बमरोलीच्या सुभद्राबाईंच्या घरचा कॉम्प्युटर बोलतोय. सध्या मुक्काम कडोदऱ्याला, भंगाराच्या गोदामात, दोन मोडक्या पंख्यांच्या मधे.

मला घरात आणलं गजेंद्रनं, बाईंच्या थोरल्यानं. बाईंनी कुंकू लावलं, वर माझी दृष्टही काढली! पुढं गजू मालवाहू जहाजावर नोकरीला लागला. तिथून फोन क्वचितच लागे, ईमेल मात्र येई. धाकटी नूतन मेलचा प्रोग्राम उघडून मोठ्यानं वाची, "माय, कशी शे तू? मी बरा शे."

बाईंना अक्षरओळख नाही. त्या पदरानं माझी काच पुसत. "आखो एकदाव वाच व, नूतन!"

"माय, चारदा झालं!" नूतन करवादे, आणि पाचव्यांदा वाची.

आलेलं पत्र माझ्यात उतरलं की इंटरनेटवरचं पुसलं जाई. गजूनंच तशी सोय लावलेली. म्हणजे प्रत काय ती एकट्या माझ्याकडे.

दिवाळीनंतर गजूला जहाजावरच ताप भरला. तो काही उतरला नाही. पेटीतून घरी आलं ते पोर.

वर्षात गेलेल्या माणसाच्या नावानं आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाण्याची नवी घागर भरतात. बाईंनी ठरवलं, घागरीपुढं गजूची पत्रं वाचून घ्यायची. एरवी त्या काही मागत नाहीत, एवढंच मागितलं.

आखाजीआधी घर आवरायला काढलं. मी दमलेला, घरघरणारा. नूतननं नवा लॅपटॉप घेतलेला.

"गजूना कागद काढी लिन्हात का?" बाईंनी विचारलं.

"हो माय, हे बघ." नूतननं पेन ड्राइव्ह दाखवला.

"इतलासामा? सुपारीएवढं शे हाई!" बाई कितीतरी दिवसांनी हसल्या. तो त्यांनी पदराच्या गाठीत बांधला.

मी आतून तळमळलो. पोरीनं पडद्यावरचं मेलच्या प्रोग्रामचं पाकिटाचं चित्र तेवढं उचललं होतं. अहो, ती दारावरची पाटी! पाटी नेल्यानं घर येतं का बरोबर?

"बेन, चालु छे?" भंगारवाल्यानं गुजरातीत विचारलं.

"चालु छे, भाई, पण बहु धीमुं," नूतन म्हणाली. झालं, माझी उचलबांगडी.

उद्या आखाजी. बाई गाठ सोडतील. नूतन ते चित्र उघडेल आणि मागं काहीच निघणार नाही. पोरगी आईला काय सांगेल?

बाबा रे, उद्या-परवा मला जो कुणी उघडशील, तुला हात जोडतो. डिस्क पुसू नकोस. नूतनच्या नावाचं फोल्डर उघड, लपवलेली फोल्डरं दिसू देत, त्यात मेलचं फोल्डर सापडेल. ते अख्खं उचल आणि बमरोलीला पोचव.

त्यात एक पत्र कुणी उघडलेलंच नाही. गजूनं जाण्याआधी धाडलेलं ते, घरात रडारड चालली होती तेव्हा माझ्यात येऊन पडलं. एकच ओळ आहे त्यात.

"माय, आखाजीले मी घर येसू."