खुडूक कोंबडीखालच्या कुप्या

अत्तराच्या दोन रिकाम्या कुप्या.

हळदीचं पाणी. चिमूटभर खायचा सोडा पडला की लाल.

ताटात उष्टं टाकणारा दीर.

खुडूक कोंबडी, हात नेला की टोचणारी.

हे सगळं हट्टा गावच्या सखुबाईच्या पडवीत एका टोपल्याभोवती गोळा झालं, त्याला कारण चंद्री.

चंद्री तिची कोंबडी. छातीवर गाठ आली. गाठ फुगत गेली, कोंबडी वाळत गेली. तिची शेवटची अंडी सखुबाईनं खुडूक बसलेल्या दुसऱ्या कोंबडीखाली, काळीखाली, मांडली.

"गाठीवालीची अंडी!" नवरा उकंडराव म्हणाला. "पिल्लायलाबी गाठी येतील. फेकून दे."

सखुबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चंद्रीचं एवढंच मागं उरणार होतं.

तेवढ्यात शेजारच्या हाजराबीचा बद्रुद्दीन हैदराबादच्या कॉलेजातून सुटीला आला. चंद्रीला बघून पोराचा चेहरा असा फुलला, जशी नवरीच दाखवली.

"मावशी, अशा गाठीचं आमी पुस्तकात वाचलं! तिचा रस बारीक गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला, तरी तिलाबी गाठ येते. जंतूहून बारीक विष असतं त्यात."

"मुडद्या, ती मरून राहिली अन् तू हसून राहिला."

चंद्रीनं दाणा टिपणं सोडलं तेव्हा त्यानंच तिला हलाल केलं. गाठीचा कुटका एका कुपीत, चांगल्या मांसाचा दुसरीत. दोन्हींत गूळ, मीठ, सोडा, हळद. पाणी लालभडक. वर कापसाचा बोळा.

"आंबलं की पिवळं होईल," तो म्हणाला. "आता ऊब पाहिजे. बराबर कोंबडीच्या अंगाएवढी."

दोघांनी एकदमच टोपल्याकडं पाहिलं. काळीनं दोघांनाही टोचलं, पण कुप्या अंड्यांत जाऊन बसल्या.

"पण आंबल काहून?"

"चांगलं मांस साखर पुरी जाळतं. हे विष शिरलेलं मांस हावऱ्यावानी साखर ओढतं, हवा असली तरी ती साखर अर्धीच जाळतं, बाकीची आंबट करून टाकतं. अन् पुन्हा मागतं."

"म्हंजे आमच्या भाऊजीवानी. ताटभर घ्यायचं, निम्मं टाकायचं, अन् वाढा म्हणायचं."

"माझ्या भावाला मधी आणू नको," उकंडराव ओसरीवरून ओरडला. "प्रयोग संपून कुप्या काढल्या की अंडी उकिरड्यावर जातील, सांगून ठेवतो."

दिवस कलायच्या आत गाठीची कुपी पिवळी झाली. बद्रुद्दीन अंगणात नाचला. सखुबाई नाचली नाही.

"पिल्लायला गाठ येईल का रं?"

"माहीत न्हाई, मावशी. अंड्यातून जातं का, पक्कं सांगता येत न्हाई."

"मंग दुसरी कुपी पिवळी होऊस्तोवर तुझा प्रयोग संपला न्हाई."

दुसरी कुपी पिवळी होईना. रोज सकाळी उकंडराव वाकून बघे. "अजून लालच?" वास सुटला, तेव्हा नाक धरून म्हणाला, "शास्त्राला असाच वास येतो का बे?" पुढं पुढं तोच मांजर हाकलायला लागला, पाहुण्यांना "हळू बोला, आत प्रयोग चालू हाय" म्हणायला लागला.

बद्रुद्दीन चक्रावला. इतके दिवस लाल? पुस्तकात असं नव्हतं. मग एकदा त्याला सखुबाईच्या बोटांना पांढरी पूड दिसली. सोडा. त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"काका," तो ओसरीकडं वळून म्हणाला, "अजून थोडं थांबावं लागंल."

एका सकाळी टोपल्यातून चिवचिव आली. कुप्या बाहेर फेकल्या त्या उकंडरावानंच, पिल्लांना जागा व्हावी म्हणून. मग एकेक पिल्लू तळव्यावर घेऊन त्यानं बोटानं छाती चाचपली.

"न्हाई. हितं काय न्हाई. हितंबी न्हाई."

"आज न्हाई," बद्रुद्दीन हळूच म्हणाला.

"आज म्हंजे आजच की," सखुबाई म्हणाली, आणि कण्या आणायला उठली.

चंद्रीची गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा हरभऱ्याएवढी होती, आणि सखुबाईनं लाडानं चंद्रीला गुळाचा खडा चारला होता.