एकेरी

मिठू घरापुढच्या पोहण्याच्या तलावातून निथळत आली आणि डॉक्टरच्या खुर्चीसमोर उभी राहिली. मुठीत पोहण्याचा चष्मा होता.

“पट्टा तुटलाय. तुमच्याकडे काही आहे का बांधायला?”

डॉक्टरने मांडीवरचं पुस्तक मिटलं. आत जाऊन आपल्या पिशवीतला दातांच्या फटी साफ करायचा दोरा आणला, त्याचे चार पदर केले आणि पट्ट्याची दोन्ही टोकं गाठवली. उरलेला दोरा दातांनी तोडला.

“बघ बरं, घट्ट होतोय का.”

“होतोय. थँक्यू.” मिठू पुन्हा पाण्यात गेली.

डॉक्टर म्हणजे दातांची डॉक्टर, आणि नवराही चेष्टेने तिला डॉक्टरच म्हणे. त्यांच्या लग्नाला दीडेक वर्ष झालं होतं. मिठू त्याच्या पहिल्या लग्नाची मुलगी. तिची आई ती लहान असतानाच आजारपणात गेली होती. आता मिठू अकरा वर्षांची होती. उर्मट नाही, हट्टी नाही. फक्त डॉक्टरला ती कुठल्याच नावाने हाक मारत नसे. काही हवं असलं की घरभर शोधत यायची, समोर उभी राहायची आणि मगच तोंड उघडायची. बोलायची ते ‘तुम्ही’ने. बाबाला ‘अरे’, आजीला ‘अगं’, शेजारच्या काकूंनाही ‘ए काकू’. त्या घरात अहो-जाहो एकट्या डॉक्टरच्याच वाट्याला आलं होतं.

“किती छान वळण लावलंय हो पोरीला,” पाहुणे म्हणायचे, आणि डॉक्टर हसून चहा ओतायची. दिवसभर लोकांची तोंडं उघडणं हा तिचा धंदा. घरातलं एक तेवढं तिच्यापुढे बेतानेच उघडत होतं.

सुट्टीला तिघं आले होते ते समुद्रावरचं हे घर तिच्याच एका पेशंटचं. नव्या दातांनी पहिलं पोटभर जेवण झाल्यावर म्हातारबुवांनी आग्रहाने किल्ली हातात ठेवली होती. मागे नारळांची दाट झाडी, पुढे चंद्रकोरीसारखी वाळू, आणि नजर पोचेल तिथवर माणूस नाही की होडी नाही. बैठकीची समुद्राकडची अख्खी भिंत काचेची होती. न्हाणीघरातल्या टबातूनही लाटा दिसायच्या. “पाण्यात बसून पाणी बघायचं,” नवरा म्हणाला, “श्रीमंतांनाही काय काय सोसावं लागतं.” पलंगावर टॉवेलांचे हंस करून ठेवले होते. ते मोडायचं कुणाच्या जिवावर येईना, म्हणून पहिल्या दिवशी तिघांनी एकाच टॉवेलने अंग पुसलं.

घर सांभाळणाऱ्या काकांनी आल्याआल्याच बजावलं होतं, “भरतीला खुशाल डुंबा. पण ओहोटी लागली की त्या काळ्या खडकापाशी जाऊ नका. तिथलं पाणी ओढतं.”

त्या दुपारी नवरा गच्चीवर ऑफिसच्या फोनवर होता; रेंज तेवढी तिथेच मिळायची. डॉक्टरने पान उलटताना वर पाहिलं तर तलाव रिकामा. मिठू समुद्रात होती, खडकाजवळ, तोंड पाण्यात घालून तरंगत होती. किनाऱ्यावर ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडला होता.

डॉक्टरने हाक मारली. वाऱ्याने ती मागेच उडवून लावली. मग डॉक्टर धावत सुटली. गुडघ्याएवढं पाणी झालं, कमरेएवढं झालं, छातीला लागलं. तिला पोहता येत नव्हतं. एका हाताने तिने खडक पकडला, दुसऱ्याने मिठूचा दंड, आणि सगळा जोर लावून मागे खेचलं.

“सोड मला!” मिठू किंचाळली. “मी मासे बघत होते ना. कळत नाही का तुला? तू कोण मला ओढणारी?”

कोरड्या वाळूपर्यंत आणल्यावरच डॉक्टरने दंड सोडला आणि ती तिथेच खाली बसली.

मिठूने रागाने मागे वळून पाहिलं. झटापटीत निसटलेला चष्मा खडकाला वळसा घालून बाहेर निघाला होता. लाटेसोबत तो परत येईल असं वाटत होतं, पण तो येईना. बघता बघता ठिपक्याएवढा झाला आणि दिसेनासा झाला. मिठूचा चेहरा उतरला.

नवरा गच्चीवरून धावत आला. त्याने शेवटचं तेवढं ऐकलं होतं.

“एकेरीवर येतेस? आधी माफी माग.”

“सॉरी.” मिठू वाळूकडे बघत म्हणाली. “मी तुम्हाला...”

“राहू दे,” डॉक्टर म्हणाली. “मघाशी म्हणाली तसंच म्हणू दे.”

“अगं, काय वाटेल ते बोलली ती तुला.”

“ऐकलं मी. सगळं ऐकलं.”

खडकावरच्या शिंपल्यांनी तिचा तळहात सोलला होता, त्यातून रक्त येत होतं. नवऱ्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. ती हसत होती.

संध्याकाळी मिठू औषधांची पेटी घेऊन आली आणि समोर उभी राहिली.

“दुखतंय का हात?”

“थोडा.”

“पोहता येत नाही?”

“नाही.”

“मग आत कशाला...” वाक्य तिथेच अडलं. पुढे ‘आलात’ म्हणायचं की ‘आलीस’, ते तिच्या तोंडात घोळत राहिलं. डॉक्टरने घाई केली नाही. तिने नुसता हात पुढे केला. मिठूने पट्टी बांधली, जरा जास्तच घट्ट.

“कमरेएवढ्या पाण्यात शिकता येतं,” ती गाठ मारता मारता म्हणाली. “तलावात. सकाळी.”

सकाळी डॉक्टर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून तलावात उतरली. मिठूने तिला उताणी झोपवलं आणि पाठीखाली दोन्ही हात धरले. डॉक्टरचे कान पाण्यात बुडाले. नारळांची सळसळ, समुद्र, सगळं बंद झालं. वर नुसतं आभाळ आणि मिठूचा वाकलेला चेहरा. तिचे ओठ हलत होते.

“काय म्हणालीस?” डॉक्टरने डोकं उचललं, तशी ती बुडाली, नाकातोंडात पाणी जाऊन खोकत उभी राहिली.

नवरा चहाचे कप घेऊन काठावर थांबला होता.

“अगं, बोलू नकोस म्हणत होते,” मिठू वैतागून म्हणाली. “मान टाक मागे. धरलंय मी.”

डॉक्टरने मान मागे टाकली.